दुपारी बंद पडणारा इन्व्हर्टर: पॅनेलचं व्होल्टेज आणि ग्रिडचं व्होल्टेज

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर पंचवीस-तीस घरांची कॉलनी आहे. तिथल्या एका घराची ही हकीकत. घरमालकांना इथे अप्पा म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अप्पा एसटीतून निवृत्त झाले. घर १९९८ सालचं. त्या वेळी घरात चार ट्यूबलाइट, तीन पंखे आणि एक टीव्ही होता, त्या मानाने खांबावरून ४ स्क्वेअर एमएमची अॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर आली. खांबापासून मीटरपर्यंतचं अंतर ४५ मीटर, मधे एका लोखंडी पाइपाचा आधार. पुढे फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं, पाण्याची मोटर आली. वायर तीच राहिली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान, आणि त्याच्या वर कितीही क्षमता घेतली तरी तेवढंच. त्याच महिन्यात केंद्राने नियम बदलून १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या सौर प्रकल्पांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट काढली आणि लागेल तेवढा मंजूर भारही आपोआप वाढवून मिळण्याची सोय केली. हा बदल मला मनापासून पटतो, कारण त्याआधी लोक महिनोन्महिने अर्ज घेऊन फिरत होते. पण त्याची दुसरी बाजू या घरात दिसली. अप्पांचा मंजूर भार कागदावर १ किलोवॅटचा ३ झाला आणि खांबावरून येणारी वायर कुणी पाहिली नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये संच बसला. ५४० वॅटची सहा पॅनेल एकाच रांगेत जोडलेली, म्हणजे पहिल्याचं प्लस दुसऱ्याच्या मायनसला, अशी सलग. पॅनेलच्या डीसीचं एसी करणारा ३ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत. तिथून खाली फाटकाजवळच्या मीटरपर्यंत २८ मीटर तांब्याची केबल, २.५ स्क्वेअर एमएमची. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम गेले. अप्पा रोज संध्याकाळी त्या दिवशीचे युनिट वहीत लिहून ठेवत.

अडचण

जानेवारी २०२५ च्या शेवटी वहीतले आकडे पडायला लागले. स्वच्छ उन्हात १२-१३ युनिट मिळायचे, तिथे ८-९. अप्पांच्या मुलाने पुण्यातून मोबाइलवर आलेख पाहिला. सकाळी छान चढणारी रेघ साडेअकराला एकदम शून्यावर, दीड-दोन मिनिटांनी पुन्हा वर, पुन्हा शून्य. भर दुपारचा सगळा भाग कंगव्याच्या दातांसारखा. प्रत्येक खाचेखाली एकच संदेश: ग्रिड ओव्हर व्होल्टेज. रविवारी हा प्रकार सगळ्यांत जास्त व्हायचा.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेला शिकवत होतो, अप्पांची माझी जुनी ओळख. त्यांनी मला बोलावलं आणि मी पहिल्याच भेटीत चूक केली. सोयीची वेळ म्हणून संध्याकाळी सहाला गेलो. मीटरजवळ २२१ व्होल्ट मिळाले, जोड वरवर ठीक दिसले, आणि "ग्रिडमध्ये दोष दिसत नाही, व्हेंडरला बोलवा," असं सांगून परत आलो. जो बिघाड दुपारी बाराला होतो तो संध्याकाळी सहाला सापडणार नाही, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. माझ्या त्या उत्तरामुळे पुढचे दोन आठवडे घरातली चर्चा भलत्याच दिशेला गेली.

दोन माणसं, दोन उलट निष्कर्ष

इन्व्हर्टरच्या पडद्यावर दोन व्होल्टेज दिसतात. एक पॅनेलकडून येणारं डीसी, दुसरं ग्रिडचं, म्हणजे खांबावरून येणाऱ्या लाइनचं एसी. अप्पांनी दुपारी वर जाऊन दोन्ही पाहिली. पॅनेल २२१, ग्रिड २५१. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"सर, पाणी उताराकडंच जाणार ना? छपरावर दोनशे एकवीस आणि तारेत दोनशे एक्कावन्न. वीज वर चढणार कशी? ऊन तापलं की पॅनेलचं व्होल्टेज उतरतं, हे तर सगळेच सांगतात. दोन पॅनेल वाढवली की झालं."

व्हेंडरकडून आलेल्या तरुण तंत्रज्ञाने नेमकं उलट सांगितलं. तो आला तेव्हा इन्व्हर्टर नुकताच बंद पडला होता आणि पडद्यावर पॅनेलचं व्होल्टेज २७० दिसत होतं. वर संदेश "ओव्हर व्होल्टेज"चा. त्याने दोन्ही जोडून निष्कर्ष काढला: पॅनेलचं व्होल्टेज जास्त होतंय, एक पॅनेल रांगेतून काढू.

एकाला दोन वाढवायची, दुसऱ्याला एक काढायचं. दोघांनी पाहिलेले आकडे खरे होते. म्हणून हे प्रकरण मला लिहून ठेवावंसं वाटलं. सौर संचाबद्दलचा हा गैरसमज मी नंतर आणखी बऱ्याच घरांत पाहिला, आणि त्यापायी लोक पैसे घालवतात.

पॅनेलचं व्होल्टेज ठरतं कसं

सिलिकॉनचा एक सेल, आकार केवढाही असो, उघड्या तारांवर, म्हणजे भार न जोडता, साधारण पाऊण व्होल्टच्या आतच देतो. अप्पांच्या पॅनेलमध्ये १४४ अर्धे सेल आहेत. ७२-७२ च्या दोन रांगा एकमेकींना समांतर, त्यामुळे व्होल्टेज ७२ सेलचंच धरायचं. मागच्या पट्टीवर छापलेलं होतं: उघड्या तारांवर ४९.६ व्होल्ट, काम करताना ४१.६ व्होल्ट आणि सुमारे १३ अँपियर. सहा पॅनेल सलग जोडली की अँपियर तेवढेच राहतात आणि व्होल्टेजची बेरीज होते. म्हणजे उघड्या तारांवर २९८, काम करताना २५०.

हे आकडे सेलचं तापमान २५ अंश धरून छापलेले असतात. फेब्रुवारीच्या दुपारी मी पॅनेलच्या मागच्या बाजूचं तापमान मोजलं ते ५८ अंश होतं. तापमान अंशाने वाढलं की उघड्या तारांवरचं व्होल्टेज सुमारे ०.२७ टक्के उतरतं, कामाचं व्होल्टेज थोडं जास्त. ३३ अंशांच्या फरकाला हिशेब केला तर कामाचं व्होल्टेज २२२ च्या आसपास आणि उघडं २७१ च्या आसपास येतं. अप्पांनी २२१ पाहिले ते संच चालू असताना. तंत्रज्ञाने २७० पाहिले ते संच बंद पडल्यावर, कारण इन्व्हर्टरने ओढणं थांबवलं की पॅनेल आपल्या उघड्या व्होल्टेजवर जाऊन थांबतात. दोन्ही आकडे पॅनेल अगदी निरोगी असल्याचे होते.

उजेड कमी-जास्त झाला तर? व्होल्टेज फारसं हलत नाही, हलतात ते अँपियर. सकाळी सातला, ऊन अजून तिरपं असताना, पडद्यावर २३० व्होल्ट दिसतात आणि वॅट जेमतेम चाळीस-पन्नास. म्हणून पॅनेलच्या व्होल्टेजवरून वीज किती येते ते कळत नाही. माझ्या ओळखीचे काही जण रोज तोच आकडा पाहून खूश किंवा नाराज होत असतात.

आता अप्पांचा उताराचा मुद्दा. पाणी उताराकडेच जातं हे खरं, पण विहिरीचं पाणी शेताच्या खाली असतं आणि तरी ते पाटात पडतं, कारण मधे मोटर असते. इन्व्हर्टरमध्ये तेच काम आधी एक बूस्ट सर्किट करतं. २२० व्होल्ट डीसी उचलून ते पावणेचारशेच्या आसपास नेतं. एवढं लागतंच, कारण २३० व्होल्ट एसीच्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं. मग त्या डीसीचे भराभर तुकडे पाडून ग्रिडच्या लाटेच्या तालात एसी तयार होतो. या इन्व्हर्टरला पॅनेलकडून ८० ते ५०० व्होल्टमधलं काहीही चालत होतं आणि ५५० ही वरची हद्द होती. पहाटेच्या दहा अंशांच्या थंडीतही सहा पॅनेलचं उघडं व्होल्टेज ३१० च्या पुढे जात नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी मोकळं अंतर होतं. वाढवायची गरज नव्हती, काढायचीही नव्हती.

बाहेरच्या बाजूला मात्र इन्व्हर्टरच्या हातात व्होल्टेज नसतं. ते ग्रिड ठरवतं. इन्व्हर्टर फक्त अँपियर ढकलतो. ते अँपियर ज्या तारेतून जातात तिच्या अडथळ्यावर मात करायला त्याच्या टोकाशी व्होल्टेज थोडं जास्त व्हावं लागतं. मोटरची डिलिव्हरी पाइप बारीक आणि लांब असेल तर मोटरच्या तोंडाशी दाब चढतो, तसंच. ग्रिडचं व्होल्टेज २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ च्या वर गेलं की दोन सेकंदांच्या आत ग्रिडपासून सुटायचं, म्हणजे बंद व्हायचं, असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा २०१३ चा नियम आहे. अप्पांचा इन्व्हर्टर तो नियम प्रामाणिकपणे पाळत होता.

मधला चुकीचा वळसा

हे सगळं मी अप्पांना समजावण्याआधीच फेब्रुवारीच्या मध्यावर तंत्रज्ञाने एक "उपाय" करून टाकला. पॅनेल काढायला अप्पांनी नकार दिला, म्हणून त्याने इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन सुटण्याची हद्द २५३ वरून २६५ केली. त्याच दिवशी आलेख गुळगुळीत झाला, १३ युनिट आले, अप्पांनी फोन करून आनंदाने सांगितलं. मी "सेटिंग परत करा" असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. "रविवारी येतो, मग बघू" एवढंच म्हणालो.

चार दिवसांत शेजारच्या काकू आल्या. त्यांच्याकडेही जानेवारीत सोलर बसला होता, त्याच खांबावरून. "तुमचा चांगला चालायला लागला आणि आमचा दुपारी बंद पडायला लागला. असं कसं हो अप्पा?"

प्रश्न अगदी योग्य होता. खांबावरचं व्होल्टेज आधीच काठावर होतं. अप्पांचा इन्व्हर्टर सुटायचा तेव्हा ते व्होल्टभर उतरायचं आणि काकूंचा चालायचा. आता अप्पांचा सुटेनासा झाला, म्हणून नियम पाळणारा काकूंचा सुटायला लागला. शिवाय दुपारी अप्पांच्या घरातल्या फ्रिजला, पंख्यांना मिळणारं व्होल्टेजही वाढलं होतं.

मोजणी

रविवार, २३ फेब्रुवारी २०२५. सकाळी साडेदहापासून बसलो. एक मीटर वर इन्व्हर्टरच्या एसी टोकांवर, दुसरा खाली मेन स्विचवर, अँपियरसाठी क्लॅम्प मीटर. पॅनेलच्या डीसी जोडांना हात लावला नाही. तिथे तीनशेच्या घरातलं डीसी असतं, भार चालू असताना तो जोड उपसला तर ठिणगी लांबत जाते आणि विझत नाही. हौशी माणसाने तिकडे जाऊच नये.

११ वाजून १० मिनिटांनी इन्व्हर्टर बंद केला. वर २४०, खाली २४०. चालू करून १० अँपियरला स्थिर होऊ दिला. वर २५२, खाली २४८. बंद केला, पुन्हा दोन्हीकडे २४०. असं तीनदा केलं. १० अँपियरला १२ व्होल्टची चढ, त्यातली ४ घरातल्या केबलमध्ये आणि ८ मेन स्विचच्या पलीकडे. बारा-वीसला १२.२ अँपियर होते तेव्हा वर २५६ दिसले.

आकडे तारांशी जुळतात का ते तिथेच वहीत काढलं. २.५ स्क्वेअर एमएम तांब्याचा अडथळा किलोमीटरला ७.४१ ओहम. २८ मीटर जाऊन-येऊन ५६ मीटर, म्हणजे ०.४१ ओहम, १० अँपियरला ४ व्होल्टच्या वर थोडं. ४ स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियमचाही अडथळा योगायोगाने तेवढाच, ७.४१. ४५ मीटर जाऊन-येऊन ९० मीटर, म्हणजे ०.६७ ओहम, १० अँपियरला ६.७ व्होल्ट. उरलेला सव्वा व्होल्ट खांबावरचे जोड आणि डीपीपर्यंतची (कॉलनीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंतची) लाइन यांचा. जाऊन-येऊन धरणं महत्त्वाचं, कारण सिंगल फेजमध्ये फेजमधून गेलेले अँपियर न्यूट्रलमधून परत येतात आणि चढ दोन्ही तारांत होते.

मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली ती मला विसरता येत नाही. अप्पांचा इन्व्हर्टर बंद केला की दीड-दोन मिनिटांत भिंतीपलीकडे काकूंचा सुरू व्हायचा. अप्पांचा पूर्ण जोरात आला की काकूंचा पुन्हा गप्प. काकू कुंपणाशी उभ्या राहून सांगत होत्या, "आता लागला... आता गेला." अप्पांनी न बोलता सेटिंग परत २५३ करायला सांगितलं.

इन्व्हर्टर बंद असतानाही २४० कसे? अप्पांचं घर डीपीपासून दुसऱ्याच खांबावर. आपल्याकडे डीपीजवळचं घर म्हणजे भाग्य, पंखा जोरात फिरतो. वितरण ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो, फेज ते न्यूट्रल धरलं तर २५०. लाइनच्या शेवटच्या घरापर्यंत जाताना उतार पडणार हे गृहीत धरून आरंभीच जास्त ठेवलेलं असतं. वीज एकाच दिशेने, डीपीकडून घरांकडे, जात होती तोवर हे बरोबर होतं. आता दुपारी घरं उलट देतात, आणि डीपीजवळच्या घराला चढायला जागाच उरत नाही. कॉलनीत जानेवारीत आणखी तीन संच बसले, त्यामुळे अडचण तेव्हाच का सुरू झाली हेही कळलं. त्याच डीपीवर एक वेल्डिंगचं दुकान आहे, ते रविवारी बंद. भार गेला की व्होल्टेज वर.

ऊन तापल्यामुळे संच पडतो, हा अप्पांचा कयासही आलेखानेच खोडला. सगळ्यांत जास्त खाचा फेब्रुवारीच्या तुलनेने थंड, वारा असलेल्या दिवसांच्या होत्या. त्या दिवशी पॅनेल थंड राहतात, जास्त वॅट देतात, जास्त अँपियर ढकलले जातात.

समोर असलेले पर्याय

दोन पॅनेल वाढवणं: ३८ हजारांचा अंदाज आला होता, अनुदानाची मर्यादा संपलेली. सकाळ-संध्याकाळ थोडी वीज वाढली असती, पण दुपारचा अडथळा तसाच राहून आणखी लवकर सुरू झाला असता. हा पर्याय त्याच दिवशी बाद केला.

हद्द वाढवून ठेवणं: फुकटचा आणि तत्काळ, म्हणून मोह पडतो. नियमबाह्य तर आहेच, शिवाय आपला त्रास खांबावरून शेजाऱ्याकडे सरकवणं आहे.

डीपीचा टॅप (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारा जोड) एक पायरी खाली घेणं: कॉलनीतल्या एकाने सुचवलं. अडीच टक्के खाली आले असते, म्हणजे २४० चे २३४. मलाही पहिल्यांदा हे सोपं वाटलं. उपविभागातल्या अभियंत्यांनी मात्र लाइनच्या शेवटच्या घरातलं संध्याकाळी साडेसातचं व्होल्टेज मोजायला लावलं. ते २०७ भरलं. लघुदाबाला सहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे २१६ ते २४४. शेवटचं घर आधीच त्याखाली होतं, टॅप उतरवला असता तर २०२ वर गेलं असतं. दुपारी पाच घरांचा सोलर चालावा म्हणून संध्याकाळी दहा घरांचे पंखे मंद करायचे का? त्यांनी नाही म्हटलं आणि ते बरोबर होतं.

इन्व्हर्टर खाली मीटरजवळ आणणं: तत्त्वतः सगळ्यांत चांगला मार्ग. पॅनेलकडून येणारी डीसी केबल लांबली तर तिच्यात तीन-चार व्होल्ट उतरतात, दीडेक टक्का वीज वाया जाते, पण संच सुटत नाही, कारण तिथे इन्व्हर्टरला व्होल्टेजची भरपूर मोकळीक असते. तेवढेच व्होल्ट एसी बाजूला चढले की संच सुटतो. फाटकाजवळ मात्र पावसापासून आडोसा नव्हता आणि अप्पांना भिंत फोडायची नव्हती.

उरले तीन: घरातली केबल जाड करणं, सर्व्हिस वायर बदलून घेणं, आणि फेजचा समतोल, म्हणजे सोलरची घरं वेगवेगळ्या फेजवर वाटणं. तोवर तात्पुरतं म्हणून इन्व्हर्टरची कमाल क्षमता खाली बांधून ठेवणं.

काय केलं

त्याच रविवारी सेटिंग परत २५३ करून कमाल क्षमता २ किलोवॅटवर बांधली. ८ अँपियरच्या आसपास चढ साडेनऊ-दहा व्होल्टची होते, २५० च्या आत राहतं. दुपारचं शिखर कापलं गेलं, पण सुटणं थांबलं आणि रोजचे १०-११ युनिट यायला लागले. सारखं सुटणाऱ्या पूर्ण क्षमतेपेक्षा न सुटणारी कमी क्षमता जास्त देते, हे अप्पांच्या वहीनेच दाखवलं. काकूंचाही सुरळीत झाला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात घरातली २.५ ची केबल काढून ६ स्क्वेअर एमएमची टाकली. केबल, पाइप, मजुरी धरून साडेसात हजार. ०.४१ ओहमचे ०.१७ झाले. इथे अप्पांना वाटलं की आता पूर्ण क्षमता सोडावी. मी थांबवलं, कारण मोठा वाटा खांबाकडच्या वायरचा होता. क्षमता २.४ पर्यंत वाढवली, पुढे नाही.

सर्व्हिस वायरसाठी उपविभागात अर्ज दिला. अर्जात "सोलर नीट चालत नाही" असं न लिहिता मोजणीचा तक्ता जोडला: वेळ, अँपियर, दोन ठिकाणची व्होल्टेज, इन्व्हर्टर चालू आणि बंद. सोबत मंजूर भार ३ किलोवॅट झाल्याचं पत्र. अभियंत्यांनी तक्ता पाहून दुसऱ्याच दिवशी वायरमनला पाठवलं. खांबावरचा न्यूट्रलचा जोड नुसता पिळलेला आणि काळा पडलेला निघाला, तो तेव्हाच नीट केला. वायर बदलायला मात्र एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडला. आता तिथे १६ स्क्वेअर एमएमची अॅल्युमिनियम केबल आहे, ०.६७ ओहमच्या जागी ०.१७.

त्याच वेळी वायरमनने कॉलनीतले पाच सोलरवाले कुठल्या फेजवर आहेत ते पाहिलं. चार जण एकाच फेजवर! कुणी मुद्दाम केलं नव्हतं, जोडण्या देताना हाताशी आली ती तार घेतली गेली होती. दोन घरं दुसऱ्या फेजवर हलवली. हलवण्याआधी त्या फेजवरचा संध्याकाळचा भारही मोजला, नाहीतर दुपारचं दुखणं संध्याकाळी निघालं असतं. या कामाला तासभर लागला आणि खर्च काही नाही.

परिणाम

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मोजलं. इन्व्हर्टर बंद असताना २३७. पूर्ण क्षमतेला, १२ अँपियरवर, इन्व्हर्टरच्या टोकाशी २४३. चौदा-पंधरा व्होल्टची चढ सहावर आली. क्षमतेवरचं बंधन काढलं. मे महिन्यात वहीत बहुतेक दिवशी १३ च्या वरचे आकडे आहेत. पॅनेलचं व्होल्टेज मेच्या उन्हात २१५ पर्यंत उतरलं, फेब्रुवारीपेक्षाही खाली, आणि संच एकदाही सुटला नाही. अप्पांनी तो आकडा मला मुद्दाम फोटो काढून पाठवला.

लाइनच्या शेवटच्या घराचं संध्याकाळचं २०७ अजून तसंच आहे. ते या कामात सुटलेलं नाही, त्यासाठी लाइनची तार जाड करावी लागेल किंवा भार विभागावा लागेल. कॉलनीने त्यासाठी वेगळा अर्ज दिला आहे.

आज हे काम पुन्हा हाती घेतलं तर

पहिल्या भेटीची वेळ मी भर दुपारची आणि वार रविवार घेईन. इन्व्हर्टर बंद-चालू करून दोन ठिकाणी मोजायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिली असती तर काकूंचे ते दिवस वाया गेले नसते.

हद्द वाढवल्याचं फोनवर कळलं त्याच क्षणी परत करायला लावीन. त्या तंत्रज्ञाला मी दोष देत नाही. त्याला पॅनेल बसवायला शिकवलं होतं, खांबापर्यंतची तार मोजायला कुणी शिकवलं नव्हतं. नंतर त्याला मोजणीची वही दाखवली. आता तो नवीन घरी जाताना आधी सर्व्हिस वायर बघतो आणि मला फोटो पाठवतो.

संच बसवतानाच करता आल्या असत्या त्या गोष्टी स्वस्त होत्या. २.५ ऐवजी ६ ची केबल तेव्हाच टाकली असती तर फरक चारेक हजारांचा होता. इन्व्हर्टर मीटरजवळ बसवायचं ठरलं असतं तर तेवढाही नाही. भार वाढवून घेण्याच्या पत्राबरोबर सर्व्हिस वायर बदलण्याचा अर्ज दिला असता तर तो संच बसेपर्यंत मार्गी लागला असता.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून पूर्ण ठाम नाही. केबल आधी बदलावी की फेज आधी तपासावा? आम्ही जे स्वतःच्या हातात होतं ते आधी केलं, साडेसात हजार घालून. फेजची अदलाबदल आणि खांबावरचा जोड आधी झाला असता तर सुटणं बरंच कमी झालं असतं, कदाचित केबल थांबली असती. पण पूर्ण क्षमतेला, डीपीच्या इतक्या जवळ, २.५ ची केबल रविवारी काठावरच राहिली असती. पुढच्या घरी मी खांबावरून खाली येत जाईन, अप्पांकडे आम्ही गच्चीवरून खांबाकडे गेलो.

कॉलनीत सहावा संच जूनमध्ये बसला. त्या घराची सर्व्हिस वायरही १९९० च्या दशकातली. अप्पा स्वतः वही घेऊन तिथे गेले आणि पॅनेल चढवण्याआधी दुपारी साडेबाराला मेन स्विचवरचं व्होल्टेज लिहून आले: २३८.